कॉम्प्युटरची डिस्क नुसती स्लो आहे की जायच्या वाटेवर आहे, कसं ओळखायचं

कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे सल्ले लगेच सुरू होतात, डीफ्रॅग लाव, अँटीव्हायरसचा फुल स्कॅन मार, नाहीतर सरळ फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाक. डिस्क ठणठणीत असेल तर यातून फारसं काही बिघडत नाही. पण डिस्क आतून खराब होत असेल तर हेच उपाय तिला तासन्‌तास राबवतात आणि ज्या फाइली आज निघाल्या असत्या त्या उद्या निघत नाहीत. म्हणून इथे मी क्रमावर जोर दिलाय, टूल कुठलं वापरायचं हे त्यामानाने किरकोळ, सगळी फुकट मिळतात. कारण कळेपर्यंत डिस्क खराबच आहे असं धरून चालायचं, आणि कमी ताण देणारी तपासणी आधी करायची, जास्त ताण देणारी अगदी शेवटी.

सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय कारण बहुतेकांकडे तेच असतं.

१. आधी नुसतं ऐका आणि बघा

फिरत्या तबकड्यांची जुनी हार्डडिस्क असेल तर कॅबिनेटला कान लावा. हलकी घरघर आणि काम चालू असताना बारीक कुरकुर हे नॉर्मल आहे. पण ठराविक अंतराने टक्‌ टक्‌ येतंय, मग फिरणं थांबतं, परत सुरू होतं, परत टक्‌ टक्‌, तर आतलं हेड, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणारा भाग, गेलंय किंवा जातंय. अशा वेळी मशीन बंद करा आणि पॉवर काढा, खालचं काहीही करू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्या, खर्च येतो पण दुसरा रस्ता नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हलकेच ठोका, उघडून हात लावा असले उपाय कुणी सांगितले तरी करू नका. हेड तबकडीच्या वर फक्त काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, घरातल्या धुळीचा एक कण त्यापुढे डोंगराएवढा असतो, आणि फ्रीजमधून काढल्यावर जे दव जमतं ते वेगळंच.

आवाज नसेल तर मशीन अडकतं कुठे ते बघा. फोटोंचा एखादा मोठा फोल्डर उघडा. वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत जाते, फोटो पटापट दिसायला लागतात आणि मधेच एका जागी सगळं थबकतं, माउस हलतो पण क्लिक होत नाही, स्टार्ट बटणही ऐकत नाही, आणि अर्ध्या मिनिटाने साठलेल्या सगळ्या क्लिक एकदम लागतात. परत उघडलं तरी त्याच फोटोपाशी तेच. हे ‘त्याच जागी’ फार महत्त्वाचं आहे. डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचा छोटा तुकडा, नीट वाचता येत नसेल तर डिस्क हार मानत नाही, तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तोवर विंडोज तिची वाट बघत बसतं. याउलट मशीन सगळीकडे सारखंच रेंगाळत असेल, तर कारण डिस्क खराब असणं सोडून दुसरंच असण्याची शक्यता जास्त, त्याबद्दल पुढे येईलच.

बाकीची लक्षणं पटकन सांगतो. फाइल कॉपी करताना स्पीड शून्यावर येऊन बसणं, काल उघडणारी फाइल आज ‘करप्ट’ म्हणणं, चालू करताना दर वेळी आपोआप डिस्क रिपेअर सुरू होणं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) डिस्क कधी दिसणं कधी न दिसणं. यातलं एक जरी असलं तरी लगेच पुढची पायरी.

२. फाइली बाहेर काढा, अजून काहीही टेस्ट न करता

इथे लोक थांबायला तयार नसतात, त्यांना आधी बिघाड शोधायचा असतो. प्लीज आधी हे करा.

एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा आणि जे परत मिळणार नाही ते पहिल्यांदा घ्या. डॉक्युमेंट, टॅलीचा डेटा फोल्डर, घरचे फोटो, आउटलुकच्या मेलची फाइल, ब्राउजरचे बुकमार्क. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, अर्ध्या लोकांची कामाची फाइल तिथेच पडलेली असते. पिक्चर, गाणी, सॉफ्टवेअरचे सेटअप सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. डीटीपीचं काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर ते फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर नव्या मशीनवर तुमचा सगळा मजकूर उघडेल पण एक अक्षर वाचता येणार नाही.

कॉपीच करा, कट-पेस्ट करू नका. अख्खा ड्राइव्ह एकदम ओढू नका, फोल्डर फोल्डर करून घ्या, म्हणजे कुठे अडकलं ते कळतं. एखाद्या फाइलवर अडकलं की ती ‘स्किप’ करा आणि पुढे जा, तिच्यासाठी भांडत बसलात तर तिच्या मागच्या चांगल्या हजार फाइलींचा वेळ जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला ठेवा, डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल तर यूपीएस बघा.

विंडोज चालूच होत नसेल किंवा कॉपी करताना सारखं गोठत असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, किंवा पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून त्यावरून लाइव्ह बूट करा, म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरूनच चालवा, इन्स्टॉल करायची गरज नाही. खराब डिस्कवरूनच विंडोज चालवलं की ते मागे शेकडो गोष्टी वाचत-लिहीत बसतं, लाइव्ह बूट केल्यावर तो ताण जातो. जरा सरावलेल्यांसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे आणि ते खरंच उत्तम टूल आहे, पहिल्या फेरीत चांगला भाग भराभर उचलतं, अडकणाऱ्या जागा बाजूला ठेवतं आणि नंतर सावकाश त्यांच्याकडे वळतं, मधे बंद पडलं तरी मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) असेल तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. फक्त कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे चुकलं तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते आणि खेळ खलास, तेव्हा एंटर मारायच्या आधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लेबलवरून ताडून घ्या.

आणि हो, बिटलॉकर. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. डिस्क दुसरीकडे लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागते. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मशीन चालू आहे तोवरच बघून कागदावर लिहून ठेवा.

३. टास्क मॅनेजर नीट वाचा

फाइली निघाल्या, आता तपास. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्स टॅबमध्ये जा, डावीकडे डिस्क निवडा. तिथे डिस्क एचडीडी (फिरती हार्डडिस्क) आहे की एसएसडी (न फिरणारी, चिपवाली) हेही लिहिलेलं असतं.

इथे १०० टक्के दिसलं की लोक घाबरतात, पण हा आकडा डिस्क किती वेळ कामात आहे एवढंच सांगतो. सोबत दोन आकडे बघायचे, अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम आणि वाचण्या-लिहिण्याचा स्पीड. चांगल्या एसएसडीचा रिस्पॉन्स टाइम एक-दोन मिलिसेकंदाच्या आसपास राहतो, हार्डडिस्कचा साधारण दहा-वीस, खूप लोड असेल तर शंभर-दोनशेही जातो. फारसं काही चालू नसताना तो हजारांत जातोय आणि स्पीड शून्य किंवा काही केबी दिसतोय, तर लक्षण वाईट.

पण हार्डडिस्क १०० टक्के आणि स्पीड फक्त १ एमबी, हे ठणठणीत डिस्कलाही होतं, आणि इथे बऱ्याच चांगल्या डिस्क उगाच फेकल्या जातात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर हेड योग्य ट्रॅकवर (तबकडीवरच्या वर्तुळावर) न्यायला अजून आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं. विंडोजने इकडून तिकडून ४ केबीचे तुकडे मागितले तर ऐंशी चोक तीनशेवीस, सेकंदाला ३२० केबी, बस. तीच डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना १०० ते २०० एमबी सहज देते. त्यामुळे विंडोज अपडेट, अँटीव्हायरस आणि वनड्राइव्ह एकाच वेळी सुरू झाले की हार्डडिस्कचं कंबरडं मोडतं, तिच्यात दोष नसतानाही. लॅपटॉपमधल्या ५४०० आरपीएमच्या डिस्कचे हाल तर अजून.

तेव्हा प्रोसेसेस टॅबमध्ये डिस्कच्या कॉलमवर क्लिक करून वर कोण येतंय बघा. सोबत मेमरीही बघा. रॅम ४ जीबी असेल आणि ९० टक्क्यांच्या वर भरलेली असेल तर विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकत-काढत असतं, तिथे डिस्क बदलण्याआधी रॅमचा विचार करा.

४. डिस्कचा स्वतःचा रिपोर्ट

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं फ्री सॉफ्टवेअर पुरतं. ते फक्त नोंद वाचतं, डिस्कला राबवत नाही, म्हणून टेस्टमध्ये ते पहिलं. उघडल्यावर निळं म्हणजे गुड, पिवळं म्हणजे कॉशन, लाल म्हणजे बॅड. यूएसबी बॉक्समधली डिस्क असेल तर कधीकधी काहीच दिसत नाही, तो बॉक्स माहिती पुढे जाऊ देत नाही.

रंगावर थांबू नका, खालची यादी बघा. हार्डडिस्कमध्ये ०५, सी५, सी६ आणि सी७ एवढ्या ओळी बघितल्या तरी चालेल. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे संशयित सेक्टर, जे वाचता आले नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांच्यावर पुढच्या वेळी काही लिहिलं गेलं की डिस्क ठरवते, नीट लिहिलं गेलं तर ते यादीतून काढते, नाहीतर हलवून ०५ मध्ये धरते, म्हणून सी५ कमीसुद्धा होऊ शकतं. सी६ म्हणजे वाचून दुरुस्त न झालेले. सी७ वेगळं प्रकरण आहे, त्याचं पुढे बोलू.

रॉ व्हॅल्यूच्या कॉलममध्ये आकडे हेक्सात, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, असतात, बारा शून्यांच्या ओळीत शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा असतात. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे १० डीईसी निवडा, साधे आकडे दिसतील. सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत प्रचंड मोठे आकडे दिसतात, त्यात एकूण वाचनांची संख्याही मिसळलेली असते, त्याने घाबरू नका.

आता निकाल कसा लावायचा. ०५ मध्ये पाच-दहा आहेत आणि महिनोन्‌महिने तेवढेच आहेत, तर डिस्क दुय्यम कामाला अजून चालू शकते. कालच्यापेक्षा आज जास्त असेल तर डिस्क चालली, मग आकडा कितीही छोटा असो. म्हणून पहिल्यांदा बघाल तेव्हा स्क्रीनशॉट घ्या, डिस्कवर नको, मोबाइलने फोटो काढा, आणि दोन दिवसांनी परत ताडून बघा.

आणि सगळं निळं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. २००७ मध्ये गूगलने स्वतःच्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांच्या वर डिस्कमध्ये, बिघाडाशी सगळ्यात जास्त संबंध असलेल्या चारही स्मार्ट नोंदी कोऱ्या होत्या. म्हणजे स्मार्ट वाईट म्हणतंय तर विश्वास ठेवा, चांगलं म्हणतंय तर लक्षणांवर विश्वास ठेवा.

मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत स्मार्ट स्टेटस बघावं, व्हेरिफाइड किंवा फेलिंग, एवढंच सांगतं ते.

५. सी७ वाढतंय? डिस्क फेकू नका, केबल बघा

सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या रस्त्यात झालेल्या चुका. आमच्या ओळखीच्या एका काकूंचा डेस्कटॉप दिवसातून दोनदा गोठायचा, त्यांना दुकानात सरळ नवीन डिस्क घ्या म्हणून सांगितलेलं. ‘अरे, तू एकदा बघ ना, मग घेऊ,’ म्हणाल्या. ०५, सी५, सी६ सगळे शून्य, सी७ मात्र चार आकडी आणि रोज वाढतंय. कॅबिनेटचं साइड पॅनल काढलं तर डेटाची लाल साटा केबल पॅनलखाली दबून काटकोनात मोडलेली, आणि डिस्कच्या टोकाला बोट लावलं की हलत होती. चिमटीच्या लॉकवाली नवीन केबल लावली, मदरबोर्डवरचा पोर्ट बदलला, गोठणं बंद.

एक लक्षात ठेवा, सी७ चा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो शून्य होईल म्हणून वाट बघू नका, वाढायचा थांबला की झालं. केबल काढताना मशीन बंद, पॉवर कॉर्ड भिंतीतून बाहेर. पॉवरची केबलही बदलून बघा, स्प्लिटर लावलेला असेल तर तो काढा. कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट खाऱ्या हवेने कनेक्टर काळवंडतात, तिथे नुसतं काढून परत घट्ट लावल्यानेही फरक पडलेला बघितलाय.

६. विंडोजची डायरी

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. लाल आणि पिवळ्या नोंदींत डिस्क नावाच्या सोर्सच्या नोंदी बघा. ७ नंबर म्हणजे बॅड ब्लॉक सापडला, ५१ म्हणजे पेजिंग (रॅममधलं सामान डिस्कवर टाकणं-काढणं) करताना एरर आली, १५३ म्हणजे वाचन-लेखन परत करून बघावं लागलं. १२९ वेगळ्या सोर्सखाली असतो, त्याचा अर्थ डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. वर्षातून एखादी नोंद सोडून द्या, रोज येत असतील आणि मशीन गोठायच्या वेळेशी जुळत असतील तर पुरावा मिळाला. नोंदीत डिस्कचा नंबर असतो, तो डिस्क मॅनेजमेंटमध्ये ताडून बघा, कारण कधीकधी गुन्हेगार लावून ठेवलेला पेनड्राइव्ह निघतो.

७. एसएसडी असेल तर

एसएसडी आवाज करत नाही, आणि बऱ्याचदा आगाऊ सूचनाही देत नाही, आज आहे, उद्या बायोसमध्ये दिसत नाही. म्हणून एसएसडीवाल्यांना बॅकअपची गरज जास्त आहे.

एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पर्सेंटेज यूज्ड, अॅव्हेलेबल स्पेअर आणि मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स या ओळी बघा. पर्सेंटेज यूज्ड १०० झालं म्हणजे त्याच दिवशी बंद पडेल असं नाही, पण मीडिया एरर शून्य सोडून काहीही असेल आणि वाढत असेल तर बदला. काही एसएसडी शेवटी रीड-ओन्ली होतात, फाइली उघडतात पण काहीच सेव्ह होत नाही, तो फॉरमॅट मारायचा क्षण नाही, कॉपी काढून घ्यायचा आहे.

नुसती स्लो असेल तर आधी किती भरलीये बघा. स्वस्त एसएसडी थोड्या जागेचा वेगवान कॅशसारखा उपयोग करतात, ड्राइव्ह गच्च भरला की ती जागा आक्रसते आणि कॉपीचा स्पीड हार्डडिस्कच्याही खाली जातो. पंधरा-वीस टक्के रिकामं ठेवा. तापमान बघा, सत्तरच्या पुढे जात असेल तर ती स्वतःच स्पीड कमी करत असणार. आणि फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये जुनी पडून असलेली फाइल वाचताना स्पीड पडायचा, २०१४ मध्ये कंपनीने ते मान्य करून दुरुस्ती आणली. एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये कळवलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतात, फर्मवेअर बदला. तेव्हा कंपनीच्या टूलने अपडेट आहे का बघा, पण बॅकअप झाल्यावरच टाका.

८. ताण देणाऱ्या टेस्ट, आता चालेल

बॅकअप हातात आहे, तरी शंका आहे, तर एचडी ट्यूनसारख्या टूलने वाचण्याचा ग्राफ काढा. हार्डडिस्कचा ग्राफ डावीकडून उजवीकडे उतरत जाऊन साधारण निम्म्यावर येतो, बाहेरचा ट्रॅक मोठा आतला लहान म्हणून, ते नॉर्मल. मधेच खोल खड्डे, आणि दर वेळी त्याच जागी, हे नॉर्मल नाही. मग कंपनीच्या टूलमधली लाँग टेस्ट, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, झोपायच्या आधी लावा. ती फेल झाली तर विषय संपला.

चेकडिस्क लोक सगळ्यात आधी चालवतात, मी सगळ्यात शेवटी ठेवलंय. ते फाइलींची व्यवस्था जुळवायचं काम करतं, आणि त्यात जुळत नसलेलं काढूनही टाकतं. खराब सेक्टर शोधायचा पर्याय दिला तर अख्खी डिस्क वाचून काढतं. मरत्या डिस्कवर हे म्हणजे उरलेला श्वास त्यातच घालवणं. ०५, सी५, सी६ शून्य आहेत, लाइट गेल्यामुळे नुसती फाइल सिस्टम बिघडलीये, अशा वेळी मात्र तेच योग्य आहे.

९. बदलायची ठरली तर

सिस्टमची डिस्क हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडीच टाका, साधी साटा एसएसडीसुद्धा ५०० एमबीच्या आसपास देते आणि ते बारा मिलिसेकंदांचं वाट बघणं संपतं. जुनी डिस्क नीट वाचता येत असेल तरच क्लोन करा (विंडोजसकट सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवा), खराब सेक्टर असतील तर विंडोज कोरं टाका आणि फाइली परत आणा, नाहीतर बिघडलेल्या सिस्टम फाइलीही सोबत येतात. वॉरंटी असेल तर आधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही. जुनी डिस्क ‘असू दे पिक्चर ठेवायला’ म्हणून परत जोडू नका, सगळ्या फाइली उघडून बघितल्याची खात्री होईपर्यंत कपाटात ठेवा.

नवीन डिस्क लॅमिंग्टन रोडवरून आणा की ऑनलाइन मागवा, लावल्या लावल्या क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून पॉवर ऑन अवर्स बघा. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, बिल हातात आहे तोवर परत करा. शून्य किंवा एक-दोन तास दिसले तर त्याच स्क्रीनचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, पुढे कधी शंका आली की ताडून बघायला पहिले आकडे तयार असतील.